कोणी ठरवलं झाड मेलं म्हणून?

वह्या मिटा. पाठ नंतर बघू. आधी मला सांगा, गच्चीवरच्या कुंड्या कचरागाडीत कोणी टाकल्या? माना खाली घालून भागणार नाही. शिपाईमामांनी विचारलं तेव्हा "सगळी मेली होती" असं उत्तर तुमच्यातल्याच कोणीतरी दिलंय. कशावरून मेली होती? पानं गळली होती म्हणून?

नववीत आलात. जलवाहिन्या आणि रसवाहिन्यांच्या आकृत्या काढता, नावं देता, गुण घेता. आणि खरं झाड समोर आल्यावर त्याच्या फांदीला बोट लावून बघावं असं एकालाही वाटलं नाही. काहून? नागपूरच्या इतवारीत वाढलेली पोरं तुम्ही. कित्येकांच्या घरची पेढी सराफ्यात आहे. कसोटीवर घासल्याशिवाय तुमचे वडील कुठल्याही दागिन्याला खोटा म्हणत नाहीत. तुम्ही मात्र जिती झाडं नुसत्या नजरेने मोडीत काढलीत. जगदीशचंद्र बोसांनी झाडाचा मृत्यू नेमका कधी होतो हे शोधायला यंत्रं घडवली, रोपं हळूहळू तापवत नेऊन 60 अंशांच्या आसपास तो क्षण टिपला. त्यांना यंत्र लागलं. तुम्हाला जिन्यावरून एक नजर पुरली!

पान गळणं म्हणजे मरण नव्हे, हे डोक्यात पक्कं बसवा. झाडाचं पाणी सर्वांत जास्त पानांतून उडतं. मुळांना पाणी मिळेनासं झालं की झाड पानं टाकून देतं, म्हणजे खोडात आहे तेवढी ओल टिकते. नागपुरात 2013 च्या मे महिन्यात पारा 47.9 अंशांवर गेला होता. आपली गच्ची सिमेंटची, शेजारी सगळी टिनाची छपरं, आणि सुट्टीत महिनाभर पाणी घालायला कोणी नाही. अशा नवतप्याच्या उन्हात त्या झाडांनी पानं टाकली ती जगण्यासाठी. काटोल-वरुडकडचा संत्र्याचा बागाईतदार तर मुद्दाम पाणी तोडतो. ताण देणं म्हणतात त्याला. आंबिया बहाराचा ताण डिसेंबरात, मृग बहाराचा ऐन मे महिन्यात. पानं मलूल होतात, काही झडतात, आणि मग पाणी मिळालं की तेच झाड फुलावर येतं. ती बाग तुमच्या ताब्यात असती तर मृग लागायच्या आधीच कुऱ्हाड चालली असती. रामटेकच्या रस्त्याला भर उन्हाळ्यात साग बघितलाय ना? एक पान नसतं अंगावर. तोडायचा का तोही?

आता हा कढीपत्ता बघा. मामांनी गाडीतून परत काढला म्हणून वाचला. पुढे या. मागचेही या.

ही शेंड्याची फांदी. वाकवली, कटकन मोडली. आतून तपकिरी, कोरडी ठाक. इथे जीव नाही. तुम्ही इथवरसुद्धा आला नाहीत, पण आला असतात तरी इथेच थांबला असतात. झाड शेंड्याकडून खाली वाळत येतं, म्हणून आपणही खाली सरकायचं. वीतभर खाली. नखाने साल हलकेच खरवडायची, सुरी घेऊन सोलायचं नाही. तपकिरीच? अजून खाली. हे बघा, बुंध्यापासून चार बोटं वर, राखाडी सालीखाली हिरवा, ओलसर थर. बोट लावा. ओल लागली? हा थर जिवंत आहे, आणि याच्या आतल्या बाजूला एधा आहे, जिची व्याख्या तुम्हाला तोंडपाठ आहे. ही जागा जिवंत असेल तर फूट येऊ शकते.

बुंधाही कोरडा निघाला तरी निकाल द्यायचा नाही. कुंडीतली माती सैल करून मुळं बघायची. पांढरट, टणक मूळ जितं असतं. काळं पडलेलं, लिबलिबीत आणि कुबट वासाचं मूळ सडलेलं, तिथे तहान नव्हतीच, पाणी जास्त झालं होतं. बोटांत चुरगळणारं मूळ वाळून मेलेलं. कढीपत्ता तर मुळांवरूनही फुटवे काढतो. गुलाबाचं वेगळं. तो कलमी असतो, डोळा भरलेल्या जागेच्या वर हिरवं असेल तरच तुमचा गुलाब उरला. त्या जागेच्या खालून फूट आली तर ती खुंटाची.

सगळी झाडं जिवंत होती असं मी म्हणत नाही. झेंडू संपला होता. बी धरल्यावर तो मरतोच, त्याला कोणी परत आणू शकत नाही. तुळसही बुडापासून गेलेली असेल. पण तिच्या मंजिऱ्यांत बी होतं आणि तुम्ही ती बियांसकट फेकलीत. त्याचा मला जास्त राग आहे.

आणि पाणी घालायची जबाबदारी ज्यांनी आपणहून घेतली होती, त्यांनी सुट्टी लागण्याआधी कूलरच्या टाकीत तळाला उरलेलं पाणी कुंड्यांत ओतलं. कूलरमधलं पाणी दिवसभर उडून जातं आणि क्षार मागे राहतात. कुंडीच्या कडेला हा पांढरा थर आलाय तो त्याचाच. शाळा उघडल्यावर एकाने धावत येऊन बादली ओतली, खालच्या भोकातून पाणी वाहिलं, आणि तो खूश. कडकडीत वाळलेली माती पाणी पीत नाही. पाणी कडेच्या फटीतून निघून जातं आणि मधला गोळा कोरडाच राहतो.

तर आता ऐका. वाचलेल्या कुंड्या उद्या मधल्या सुट्टीत बादलीत बुडवायच्या, बुडबुडे थांबेपर्यंत. मग निथळू द्यायच्या आणि वऱ्हांड्यात ठेवायच्या, उजेड मिळेल पण ऊन लागणार नाही अशा जागी. मेलेल्या फांद्या हिरव्या भागाच्या किंचित वर छाटायच्या. खत एक चिमूटभरही घालायचं नाही, मुळं आधीच दुखावलेली आहेत. त्यानंतर वरची माती बोटाला कोरडी लागली तरच पाणी, नाहीतर नाही. आणि रोज उठून खरवडत बसायचं नाही.

कढीपत्त्याला दसऱ्यापर्यंत मुदत आहे. तोवर या वर्गात कोणीही त्याला मेलेला म्हणायचं नाही.