चूक कोणाची?

क्लीनर पोरानं ट्रकचा डिझेल फिल्टर बदलला. गाडी उठेना. ड्रायव्हरनं त्याच्या कानाखाली जाळ काढला. चूक कोणाची?

फिल्टर उघडला की लाइनीत हवा शिरते. हवा दबते, डिझेल दबत नाही. पंपाचा जोर हवेतच जिरतो, नोझल उघडत नाही. नुसता सेल्फ मारत बसलं तर बॅटरी उतरते. जुन्या पंपाच्या गाडीला फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, हातपंप मारायचा, बुडबुडे थांबून निव्वळ डिझेल आलं की स्क्रू आवळायचा.

एवढंच. पण हे एवढंच पोराला कुणी सांगितलं नव्हतं. हातात पाना दिला, ज्ञान राखून ठेवलं. मी म्हणतो, राखणाराच गुन्हेगार.

आणि आता तुम्हाला ठाऊक झालं. तुम्ही राखलंत तर तुम्हीही त्यातलेच.