पदाच्या शेवटी येणारे नाव

गेल्या पावसाळ्यात म्हापशात एका परिसंवादाला गेलो होतो. विषय होता गोव्यातल्या नव्या गाणाऱ्या मुलांचा: स्वतः लिहिणारी, स्वतः चाल लावणारी, गिटार घेऊन स्वतःच गाणारी मुले. त्यांच्याविषयी मला मनापासून आस्था आहे. वक्ते माझे जुने स्नेही. ते म्हणाले, पेडणे-डिचोलीच्या खेड्यांना ही रीतच नवी. तिथे एकतर निनावी लोकगीते होती, नाहीतर घाटावरून आलेले अभंग. आपल्या जगण्यातून गाणे काढणारा आणि ते स्वतःच्या नावाने लोकांत सोडणारा माणूस त्या मातीत झाला नाही; तो आपल्याला अमेरिकेतल्या कंट्री संगीताने दाखवला. टाळ्या पडल्या. मी गप्प बसलो. ते गप्प बसणे मला अजून सलते आहे.

मला त्यांना एका कुलकर्ण्याची आठवण करून द्यायची होती.

सोहिरोबानाथ आंबिये १७१४ साली बांद्यात जन्मले. आज बांदा सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे. तिथून निघालेली गाडी थोड्याच वेळात पत्रादेवीच्या नाक्यावर पोचते आणि पेडणे तालुका सुरू होतो. सोहिरोबांच्या काळी हा नाका नव्हता. पेडणे आणि डिचोली हे महाल सावंतवाडीकर भोसल्यांच्या सत्तेखालचे. तेरेखोलची नदी बांद्यावरून वाहते आणि पेडण्यातल्या केरीपाशी समुद्राला मिळते. तो सगळा एकच मुलूख होता, एकाच बोलीचा, एकाच मोडी दप्तराचा. त्या दप्तरात सोहिरोबा कुलकर्णीपणाचे हिशेब लिहीत. ते ऐन तिशीत असताना, १७४६ मध्ये, पोर्तुगीज विजरईने हळर्णचा किल्ला घेतला, डिचोली घेतली, आणि त्या किल्ल्यावरून त्याला ‘मार्केस द आलोर्ना’ हा किताब मिळाला. हे महाल पुढे पुन्हा सावंतांकडे आले. डिचोली आणि सत्तरी १७८१-८२च्या सुमारास आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगिजांकडे गेले ते मात्र कायमचे. जमिनीचे मालक असे बदलायला लागले तेव्हा हा माणूस त्याच मुलखातल्या जमिनीच्या नोंदी ठेवत होता.

मग ती फणसाची गोष्ट. सावंतवाडीच्या दरबाराचे बोलावणे आले म्हणून सोहिरोबा पायी निघाले. इन्सुलीजवळच्या रानात भूक लागली तेव्हा बसून त्यांनी फणस फोडला. इतक्यात एक सिद्ध पुढे उभा राहिला आणि त्याने खायला मागितले. सोहिरोबांनी गरे पुढे केले. तो सिद्ध म्हणजे गहिनीनाथ, आणि त्याने तिथेच अनुग्रह दिला. सोहिरोबांनी पुढे नोकरी सोडली आणि ते पदे रचायला लागले.

गहिनीनाथ म्हणजे निवृत्तिनाथांचे गुरू, तेराव्या शतकातले. पाचशे वर्षांनी ते इन्सुलीच्या रानात कसे आले, असे विचारणारे विचारतात. मला त्या प्रश्नात फारसा रस वाटत नाही. माझे लक्ष फणसाकडे जाते. ह्या गोष्टीत मठ नाही, यज्ञ नाही, ग्रंथ नाही. वाटसरूची भूक आहे आणि बोटांना चिकटणारा चीक आहे. फणस फोडण्यापूर्वी हाताला खोबरेल लावावे लागते हे आमच्याकडच्या लहान पोरालाही ठाऊक असते. ज्या लोकांनी ही गोष्ट जपली त्यांना आपला कवी रानातच, आपल्याच झाडाखाली झाला असे सांगायचे होते. स्नेह्यांना हवा असलेला ‘आपल्या जगण्यातून निघणारा’ गाणारा याहून वेगळा कसा असतो?

आता त्यांच्या कंट्री संगीताकडे वळतो. त्या संगीताचा जनक म्हणून गौरवला जातो तो जिमी रॉजर्स रेल्वेत ब्रेकमन होता. क्षयाने पोखरला गेल्यावर तो गाण्याकडे वळला. ऑगस्ट १९२७ मध्ये टेनेसीतल्या ब्रिस्टल गावी व्हिक्टर कंपनीसाठी राल्फ पीअर ध्वनिमुद्रण करत होता. तिथे रॉजर्सची पहिली तबकडी निघाली, आणि १९३३ मध्ये तो वारला. जेमतेम सहा वर्षांची कारकीर्द. ब्रेकमन आणि कुलकर्णी यांच्यातले साम्य मला आवडते आणि ते मी लपवत नाही. पण पीअरची एक अट होती: गाणे नवे, म्हणजे ज्यावर हक्क नोंदवता येईल असे हवे. त्याच दिवसांत त्याच गावी गायलेल्या कार्टर कुटुंबातला ए. पी. कार्टर पुढे डोंगरांतून जुनी गाणी गोळा करत हिंडला. त्यातली कित्येक गाणी त्याच्या नावावर चढली. त्याच्याबरोबर फिरून त्या चाली लक्षात ठेवणारा कृष्णवर्णीय गिटारवादक लेस्ली रिडल कितीतरी वर्षे अंधारातच राहिला. स्वतः लिहून स्वतः गाणारा कलावंत, ही प्रतिमा ठसवण्यात त्या नोंदणीचाही वाटा आहे. तिथल्या कलावंतांवर माझा राग नाही. पण ज्या मापात हक्काची नोंदणी मिसळलेली आहे, ते माप घेऊन पेडण्यात यायचे आणि ‘इथे कोणी नव्हतेच’ म्हणायचे, हा अन्याय आहे.

आमच्याकडे नाव तबकडीच्या कागदावर नसे. ते गाण्याच्या आत असे. सोहिरोबांच्या पदात शेवटच्या चरणात ‘सोहिरा’ येतो, जसा तुकोबांच्या अभंगात तुका. चवथीत घुमट-शामेळावर आरत्या आटोपल्या की आमच्या वाड्यावर भजनाला बसतात. पखवाज लागतो, पेटी उघडते, बुवा पद घेतो. चाल कोणाची कोण जाणे; एका वाड्यावर एक, नदीपलीकडे दुसरी. पण शेवटचा चरण आला की त्या बुवाला, मागच्या टाळकऱ्यांना, दारात उभ्या पोराला ते नाव उच्चारावेच लागते. गाणाऱ्याला रचणाऱ्याचे नाव स्वतःच्या तोंडाने घ्यायला लावणारी ही युक्ती मला कुठल्याही करारापेक्षा भक्कम वाटते. जितेंद्र अभिषेकी मंगेशीचे. त्यांनी सोहिरोबांचे पद गायले आणि ते घराघरांत गेले, तेव्हा नामवंत गवयालाही शेवटी सोहिराचे नाव घ्यावेच लागले.

इथवर लिहून मी दोन दिवस थांबलो, कारण माझ्या युक्तिवादात मलाच एक भोक दिसले. मुद्रा, म्हणजे शेवटच्या चरणातले हे नाव, कोणीही घालू शकतो. गावातल्या एखाद्या टाळकऱ्याने पद जुळवले आणि शेवटी ‘सोहिरा’ म्हटले, तर अडवणार कोण? सिद्धांतसंहिता, अद्वयानंद, पूर्णाक्षरी, अक्षयबोध, महदनुभवेश्वरी हे ग्रंथ त्यांच्या नावावर आहेत, पण तोंडातोंडी फिरणाऱ्या पदांतली त्यांच्या उमेदीच्या दिवसांतली कोणती, नोकरी सोडल्यानंतरचे पहिले पद कोणते, हे दाखवता येत नाही. मराठीत ‘म्हणे’चे दोन अर्थ आहेत. ‘तुका म्हणे’ म्हणजे तुका सांगतो. ‘तो आला होता म्हणे’ म्हणजे ऐकीव, आपण पाहिले नाही. संतांची मुद्रा ह्या दोन्ही अर्थांनी खरी आहे. ज्याचे आहे तो सांगतो, आणि आपल्यापर्यंत येते ते ऐकून ऐकून.

आणि मी काय करत होतो? सोहिरोबांना ‘गोव्याचा पहिला गीतकार-गायक’ म्हणून उभे करायला निघालो होतो. त्यासाठी बांदा मनातल्या मनात नाक्याच्या अलीकडे ओढत होतो. पीअरच्या वहीत एक नवी नोंद घालण्यापलीकडे त्यात काय होते? स्नेह्यांचे एक म्हणणे मला मान्य करावे लागते: एकट्या माणसाचे एकटे गाणे आमच्याकडे नव्हते. पण म्हणून ते निनावी होते, किंवा बाहेरून आलेले होते, हे मी मान्य करणार नाही. १६८४ मध्ये जुन्या काबिजादींत, म्हणजे बारदेशासारख्या पोर्तुगिजांनी आधीच घेतलेल्या तालुक्यांत, स्थानिक भाषेवर बंदीचा हुकूम निघाला. शापोरा नदीच्या दक्षिणेला बारदेश, उत्तरेला पेडणे. सावंतांच्या राज्यात राहिलेल्या उत्तर काठावर मराठी पद मोकळेपणी गायले जात होते, आणि पेडणे पोर्तुगिजांकडे गेल्यावरही भजने चालूच राहिली. इथे मराठी बाहेरून येऊन बसली असे जे हल्ली म्हणतात, त्यांनी हा काठ एकदा पाहावा. कोकणीत बोलायचे आणि मराठीत गायचे, हे ज्याच्या घरी चालते त्याला यात काही विसंगत वाटत नाही. मला कधी वाटले नाही.

उतारवयात सोहिरोबा उत्तरेकडे गेले. महादजी शिंद्यांचे सेनानी जिवबादादा बक्षी हे केरकर, पेडण्यातल्या केरीचे. त्यांच्यामार्फत महादजींची भेट झाली असे परंपरा सांगते. महादजी स्वतः कविता करत. त्यांनी ती वाचायला दिली, सोहिरोबांनी तिचे दोष तोंडावर सांगितले, मर्जी गेली, आणि राजाश्रयाची आपल्याला गरज नाही अशा अर्थाचे एक हिंदी पद मागे ठेवून ते निघाले. १७९२ मध्ये उज्जैनीत ते दिसेनासे झाले.

पेडण्यात विर्नोड्याला त्यांच्या नावाचे सरकारी महाविद्यालय आहे. तिथली गिटार वाजवणारी मुले रोज ते नाव फाटकावर वाचून आत जातात. येत्या चवथीला स्नेह्यांना मी आमच्या वाड्यावर बोलावले आहे. ते येतो म्हणाले आहेत. भजनाला त्यांना टाळकऱ्यांच्या मधोमध बसवायचे, हे मी ठरवून ठेवले आहे.