आधी काम मांडा

कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी शंभरीकडे झुकलेलं सार्वजनिक वाचनालय आहे. पुस्तकं चांगली, वाचक त्याहून चांगले, शिल्लक बेताची. संगणक चार. एकावर मायक्रोसॉफ्ट ऑफिसची २०१६ची आवृत्ती, रीतसर पावतीने घेतलेली. उरलेल्या तिन्हींवरही तेच ऑफिस होतं, पण ते दुकानदाराने संगणक विकताना ‘टाकून दिलेलं’. त्याची पावती कधीच नव्हती. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी कंपनीने २०१६च्या आवृत्तीला सुरक्षेच्या दुरुस्त्या पुरवणं थांबवलं आणि विषय कार्यकारी मंडळापुढे आला.

कोषाध्यक्ष अण्णा तयारीनेच आले होते. “लिबरऑफिस टाका. एक पैसा लागत नाही, पत्र होतं, हिशेब होतो. केरळने सगळ्या सरकारी शाळा मुक्त सॉफ्टवेअरवर चालवून दाखवल्या. जर्मनीतलं श्लेस्विग-होल्श्टाइन हे अख्खं राज्य २०२४ साली लिबरऑफिसवर जायला निघालं. आपले तर चारच संगणक आहेत.”

चिटणीस बँकेतून निवृत्त झालेले. त्यांचीही तयारी होती. “जर्मनीचंच सांगता, तर म्युनिकचंही सांगा. २००३ मध्ये त्या शहराने महापालिकेचे हजारो संगणक लिनक्सवर न्यायचं ठरवलं. दहा वर्षं खपून ते काम पुरं केलं, आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे परतायचा ठराव केला. फुकटाच्या मागे लागून शेवटी दुप्पट खर्च होतो, अण्णा. वर्षाची वर्गणी भरू आणि निर्धास्त राहू.”

एक तरुण सभासद म्हणाला, “ब्राउझरमध्येच करा की सगळं, गूगल डॉक्स आहे.” पण पावसाळ्यात गावातलं इंटरनेट कसं चालतं ते सगळ्यांना माहीत होतं. तो मुद्दा तिथेच राहिला.

दोघांची माहिती खरी होती. म्हणूनच वाद मिटेना. ज्याला जे हवं असतं त्याच्यासाठी जगात कुठेतरी एक शहर सापडतंच. पण म्युनिकच्या महापालिकेची कामं वेगळी आणि या वाचनालयाची वेगळी, हे दोघांनीही लक्षात घेतलं नव्हतं.

अध्यक्ष गुरुजी बराच वेळ ऐकत होते. ते म्हणाले, “काय घ्यायचं ते नंतर बघू. आधी काय काढायचं ते ठरवू. चोरून छापलेलं पुस्तक कुणी देणगी म्हणून आणलं, तर आपण ते दाखल नोंदवहीत चढवतो का?”

“छे!” अण्णा म्हणाले.

“मग तीन संगणकांवर बिनपावतीचं ऑफिस बसलंय, ते आज संध्याकाळपर्यंत निघालं पाहिजे. लेखकाचं बुडवायचं नाही म्हणणाऱ्या संस्थेने सॉफ्टवेअरवाल्याचं बुडवायचं, हे मला पटत नाही.”

यावर कुणीच वाद घातला नाही. मग गुरुजींनी कोपऱ्यात इतिवृत्त लिहीत बसलेल्या ग्रंथपालबाईंकडे पाहिलं. “बाई, रोज त्या यंत्रापुढे तुम्ही बसता. तुम्हाला काय वाटतं?”

बाईंना तोवर कुणी विचारलं नव्हतं. त्या म्हणाल्या, “गुरुजी, आपण वर्षभरात काय काय करतो ते मी लिहून काढते. तीच कामं दोन्हींवर करून बघते. महिनाभर द्या मला.”

लिबरऑफिस उतरवून घ्यायला काही अडचण नव्हती, आणि वर्गणीच्या ऑफिसचीही महिनाभराची चाचणी मिळाली. बाई कामाला लागल्या.

जिल्हा ग्रंथालय कार्यालयाला जाणारी पत्रं दोन्हींत सारखी झाली. सभासदांची नोंद आणि वर्गणीचा हिशेबही तसाच. थकबाकीच्या चिठ्ठ्या, म्हणजे मजकूर एकच आणि नावं निराळी, दोन्हींनी काढून दिल्या. मराठी टायपिंगला फरक पडला नाही, कारण कळफलक संगणकाचा असतो, ऑफिसचा नव्हे. लिबरऑफिसमध्ये हुकूम वेगळ्या जागी सापडत होते, तेवढे चार-आठ दिवस बाईंचा हात अडला.

वार्षिक अहवालाने मात्र त्रास दिला. वर्डमध्ये बांधलेला जुना अहवाल लिबरऑफिसमध्ये उघडला तर तक्ते खाली सरकले आणि पानंही वाढली. अण्णांचा चेहरा उतरला. पण बाईंनी तोच अहवाल दुसऱ्या संगणकावर, पैसे भरायच्या ऑफिसमध्ये उघडला, तर तिथेही पानं हललेली! त्या संगणकावर मंगल फॉन्टच नव्हता. विंडोज २०००बरोबर आलेला हा फॉन्ट वर्षानुवर्षं सगळीकडे असायचा. विंडोज १०पासून तो वेगळा बसवून घ्यावा लागतो. बाईंनी मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता हा खुला फॉन्ट चारही संगणकांवर टाकला, अहवाल त्यात पुन्हा बांधला आणि छापखान्याला पीडीएफ पाठवायचं ठरवलं. तक्ते हाताने नीट करण्यात एक अख्खी संध्याकाळ गेली, हेही त्यांनी टिपणात लिहिलं. काही लपवलं नाही.

सीएंकडून येणारं पत्रक हा खरा अडसर निघाला. त्यात एक्सेलचे मॅक्रो होते. बटण दाबलं की खर्चाची खाती आपोआप वर्गवार पडायची. लिबरऑफिस असे बरेच मॅक्रो चालवतं, पण सगळे नाही. हे चाललं नाही. बाईंनी खटपट केली, सीएंच्या कार्यालयात फोन केला. “आम्ही सगळ्या संस्थांना हेच पाठवतो,” एवढंच उत्तर मिळालं.

मग त्यांनी कपाटातली एक जुनी सीडी काढली. यादीत ती नव्हती, पण शताब्दीची स्मरणिका करायची होती आणि त्यासाठी जुने कागद लागणार होते. सीडीवर १९९६चे हिशेब होते, लोटस १-२-३ मध्ये केलेले. एक्सेलने ती फाइल उघडायला नकार दिला. २००७च्या आवृत्तीपासूनच त्याने तो प्रकार सोडून दिला आहे. लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये ती उघडली. इमारतीच्या दुरुस्तीला तेव्हा किती खर्च आला, कुणी किती देणगी दिली, सगळं रांगेने समोर आलं. आता चिटणीसही खुर्ची ओढून जवळ बसले. देणगीदारांत त्यांच्या वडिलांचं नाव होतं.

त्याच सीडीवर तेव्हापासूनचे अहवाल होते. ते मात्र कुठेच वाचता येईनात. दोन्हीकडे पडद्यावर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. युनिकोड रुळण्याआधी मराठी मजकूर असाच साठवला जायचा: आत इंग्रजी अक्षरांचे सांकेतिक अंक, वर त्या त्या कंपनीच्या फॉन्टचा मराठी मुखवटा. तो फॉन्ट गेला की मराठीही गेली. एका पिढीचं किती लेखन महाराष्ट्रभर अशा फायलींत अडकून पडलं असेल, या विचाराने मला आजही वाईट वाटतं. तेव्हा लोकांनी सोयीचं ते घेतलं, त्यात गैर काही नव्हतं. पण उद्या दुसऱ्या कुणाला हे वाचता येईल का, असा प्रश्न त्या वेळी फारच थोड्यांनी विचारला.

महिन्यानंतरच्या सभेत बाईंनी टिपण वाचलं. चिटणीसांनी विचारलं, “म्हणजे जिंकलं कोण?”

“कोणी नाही, दादा,” बाई म्हणाल्या. “तीन संगणकांवरच्या कामाला लिबरऑफिस पुरतं. सीएंच्या पत्रकाला पुरत नाही. आणि जुने अहवाल वाचायला दोन्ही निकामी. तिथे पैसे लागतीलच, पण ते माणसाला द्यावे लागतील. मजकूर युनिकोडमध्ये बदलायचा आणि मग ओळ न् ओळ मूळ छापील प्रतीशी ताडून बघायची.”

अण्णांनी लगेच हिशेब मांडला. चार वर्गण्यांऐवजी एकच घेतली, तर उरलेल्या रकमेत पहिल्या वर्षीचं बरंचसं ताडणीचं काम बसत होतं. पैसा वाचवायचा हा त्यांचा आग्रह आता कामी आला. आणि रीतसर वर्गणी भरायला हवी, हे चिटणीसांचं म्हणणंही एका संगणकापुरतं मान्य झालं.

गुरुजींनी दोन गोष्टी ठरावात घालायला लावल्या. संस्थेची कायमची कागदपत्रं ओडीएफमध्येच ठेवायची. हा साचा २००६पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्याचे नियम सर्वांना खुले आहेत, आणि वर्गणी संपली म्हणून तो कुणी आपल्याला बंद करू शकत नाही. वर्गणीच्या ऑफिसचं तसं नाही. मुदत संपली की फाइल वाचता येते, पण बदलता येत नाही.

दुसरी गोष्ट अण्णांना उद्देशून होती. “लिबरऑफिस आपल्याला कुणी विकलं नाही, पण ते केलंय कुणीतरी. १९८५ साली जर्मनीतल्या एका शाळकरी मुलाने सुरू केलेल्या कंपनीतून ते निघालं, सन कंपनीने २००० साली त्याचा कोड खुला केला, आणि २०१०पासून द डॉक्युमेंट फाउंडेशन ही संस्था आणि जगभरचे स्वयंसेवक ते सांभाळतात. त्यातलं मराठीही असंच कुणीतरी बसून केलेलं आहे. आपण घेतलं, तर आपणही काही द्यायचं.”

“आपण काय देणार गुरुजी?” अण्णांनी विचारलं. त्यांच्या आवाजात खरोखरचा प्रश्न होता.

“बाईंना विचारा.”

बाईंनी महिन्याभरात मेनूंमधल्या अडखळणाऱ्या मराठी शब्दांची यादी करून ठेवलेली होती. भाषांतराचं काम जिथे चालतं तिथे खातं उघडून त्या सूचना पाठवायच्या, आणि त्यासाठी आठवड्यातला एक तास त्यांच्या कामाच्या वेळेत धरायचा, असं ठरलं.

आता तीन संगणकांवर लिबरऑफिस आहे आणि एकावर वर्गणीचं ऑफिस. जुन्या अहवालांपैकी निम्मे वाचता येऊ लागले आहेत. गावातल्या एक निवृत्त शिक्षिका मानधन घेऊन ते ताडतात. दरवर्षी मार्चमध्ये वर्गणी भरण्यापूर्वी बाईंनी सीएंना एकदा विचारायचं, आणि ज्या वर्षी पत्रक मॅक्रोविना येईल त्या वर्षी चौथ्या संगणकाची वर्गणीही बंद करायची, असं इतिवृत्तात लिहिलेलं आहे.