सहनशीलतेची साक्ष

नदीच्या घाटाची शेवटची पायरी उतरताना ज्याचा पाय कधी निसटला नाही, असा मनुष्य विरळा. त्या बुळबुळीत थराला आपण शेवाळ म्हणतो आणि पाऊल जपून टाकतो. वस्तुतः तो थर म्हणजे एक नांदती वस्ती आहे. डोळ्यांस न दिसणारी शैवले, जिवाणू व बुरशी स्वतःच निर्माण केलेल्या चिकट द्रव्यात एकत्र राहतात. शास्त्रज्ञ त्यास जैवपटल म्हणतात. या क्षुद्र वस्तीने आमच्या मनात एक नैतिक प्रश्न उभा केला. तोच येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागात रियू-मोर नावाचा लहानसा प्रवाह आहे. त्याच्या काठच्या विव्हिये गावी एकोणिसाव्या शतकात जस्ताचा कारखाना उभा राहिला. त्याच्या टाकाऊ मालाच्या ढिगांतून पावसाच्या पाण्याबरोबर जस्त व कॅडमियम प्रवाहात उतरू लागले. पुढे जस्त गाळणे थांबले, तरी जमिनीत मुरलेले विष झिरपतच राहिले. आश्चर्य असे की, अशा पाण्यातही दगडांवरचा थर नाहीसा झाला नाही. तो वाढत राहिला, नांदत राहिला.

हे कसे घडते? थरातील चिकट द्रव्य धातूचे कण बाहेरच अडवून धरते. कित्येक जिवाणू आत शिरलेला धातू पुन्हा बाहेर लोटतात. कित्येक शैवले तो पेशीतच बांधून टाकून निरुपद्रवी करतात. इतके वाचून कोणासही वाटेल की, सहनशीलतेचा याहून उत्तम आदर्श कोठे मिळावा!

परंतु याहून मोठे कारण निराळेच आहे. ज्या जातींना विष सोसवत नाही, त्या मरून जातात. रिकाम्या झालेल्या जागी सोसणाऱ्या जाती पसरतात. म्हणजे वस्ती बळकट झाली असे आपण म्हणतो, तेव्हा त्या बळात मेलेल्यांची अनुपस्थितीही मिळविलेली असते. उरलेलेही सर्व धडधाकट असतात असे नव्हे. डायटम नावाची शैवले काचेसारख्या संपुटात राहतात; रियू-मोरमधील त्यांची कित्येक संपुटे वेडीवाकडी झालेली आढळली आहेत.

स्वीडनमधील हान्स ब्लांक व त्यांचे सहकारी यांनी १९८८ मध्ये याच गुणाचा उपयोग परीक्षेसाठी करण्याची रीत मांडली. स्वच्छ जागेचा व संशयित जागेचा थर घ्यावा, दोहोंना धातूची चढती मात्रा द्यावी आणि त्यांचे कार्य कोणत्या मात्रेस मंदावते ते पाहावे. संशयित जागेचा थर अधिक सोसू लागला असेल, तर तेथे विषाने आपले काम केले आहे असे समजावे. वाचकहो, येथे सहनशीलता हे आरोग्याचे लक्षण ठरत नाही. ती झालेल्या इजेची साक्ष ठरते.

आमचा प्रश्न येथूनच निघतो. 'त्यांना सवय आहे' असे आपण किती सहजपणे म्हणतो! घरातील सुनेविषयी म्हणतो, गटारे उपसणाऱ्याविषयी म्हणतो, धुराच्या छायेत राहणाऱ्या वस्तीविषयी म्हणतो. आम्हीही म्हणत आलो आहोत. तितिक्षा हा थोर गुण खरा. पण ती मनुष्याने जाणून-बुजून, स्वतःपुरती पत्करलेली असते. दुसऱ्यावर लादलेले सोसणे पाहून त्याची स्तुती करणे, ही तितिक्षा नव्हे. ती आपल्या जबाबदारीतून काढलेली पळवाट होय. सोसणाऱ्याचा धीर निंद्य नाही. त्या धिराचा आधार घेऊन विष तसेच चालू ठेवणे निंद्य आहे.

शिवाय थराने सोसले म्हणून विष संपत नाही. थर खाणाऱ्या गोगलगाई व किडे यांच्या पोटात ते जाते, आणि प्रवाहाबरोबर पुढेही वाहते. रियू-मोरचे कॅडमियम लोत व गारोन या नद्यांतून शेकडो किलोमीटर दूर जिरोंदच्या खाडीपर्यंत पोचले आणि तेथील कालवे खाण्यास अयोग्य ठरली. एकाने मुकाट्याने सोसलेले दुसऱ्याच्या ताटात उतरते ते असे.

एक गोष्ट मात्र आशेची आहे. दूषित पाण्यातील थर स्वच्छ प्रवाहात नेऊन ठेवला, तर त्यातील धातू कमी होऊ लागतो आणि वस्तीची घडणही हळूहळू पालटू लागते. मात्र त्यासाठी आधी पाणी स्वच्छ असावे लागते. तात्पर्य, कोणी फार सोसतो असे दिसले, तर त्याचे कौतुक करण्यापूर्वी पाण्यात काय मिसळले आहे आणि ते कोणी मिसळले, हे विचारावे. त्याच्या शेजारी पूर्वी कोण राहत होते व ते आता का दिसत नाहीत, हेही विचारावे.