तराजू कोणाच्या हाती?

माझे एक स्नेही जबलपूरच्या व्हेईकल फॅक्टरीतून निवृत्त होऊन पाटन येथे स्थायिक झाले आहेत. १९६९ साली सुरू झालेल्या या कारखान्याने लष्करासाठी शक्तिमान ट्रक आणि जोंगा गाड्या घडविल्या. स्नेह्यांचे अवघे आयुष्य अशा यंत्रांच्या सहवासात गेले. मध्यंतरी त्यांच्या घरी गेलो असता मेजावर दोन रंगीत माहितीपत्रके दिसली. पुण्यास नोकरी करणाऱ्या चिरंजीवांनी आईवडिलांना नवी मोटार घेऊन देण्याचे ठरविले होते आणि गाडी हायब्रिडच असावी असा त्यांचा आग्रह होता. एक पत्रक होंडा सिटीचे, दुसरे टोयोटा कॅमरीचे. स्नेही म्हणाले, “या दोहोंत योग्य कोणती ते तुम्ही सांगा. मुलगा म्हणतो, कॅमरीच घ्या.”

प्रश्न वरवर बाजारातला वाटतो. परंतु दोन वस्तूंची तुलना करताना मनुष्य स्वतःशी किती प्रामाणिक राहतो, हा प्रश्न नीतीचा आहे, आणि त्याचा विचार करावा असे मला त्या दिवशी वाटले.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. हायब्रिड मोटारीत पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर अशी दोन्ही असतात. मंद गतीने, थांबत थांबत जावे लागते तेव्हा मोटर गाडी ओढते. ब्रेक लावताना एरवी वाया जाणाऱ्या शक्तीचा काही भाग वीज होऊन बॅटरीत साठतो. बाहेरून वीज भरावी लागत नाही. टोयोटाने प्रियस ही गाडी १९९७ साली जपानमध्ये विक्रीस आणली, तेव्हापासून ही पद्धत जगभर रुळली. मोकळ्या रस्त्यावर एकाच वेगाने जाताना मात्र ब्रेक क्वचितच लागतो आणि त्या प्रमाणात लाभही घटतो. स्नेह्यांचा प्रवास बहुतेक पाटनहून जबलपूरला, म्हणजे मोकळ्या रस्त्याचा. शहरातील गर्दी शेवटच्या टप्प्यात तेवढी लागते.

आता आकडे. सिटी हायब्रिड २०२२ च्या मे महिन्यात आली तेव्हा शोरूममधील किंमत साडेएकोणीस लाखांच्या घरात होती. कॅमरीची नवी आवृत्ती डिसेंबर २०२४ मध्ये आली ती ४८ लाखांना. प्रमाणित चाचणीनुसार सिटी लिटरमागे सुमारे २७ किलोमीटर जाते, कॅमरी साडेपंचवीस. म्हणजे इंधन वाचवावे, हवा कमी दूषित करावी एवढाच हेतू असेल, तर वरचे पंचवीस-तीस लाख त्या हेतूसाठी खर्च होत नाहीत. ते ऐसपैस आसन, अडीच लिटरचे बलवान इंजिन आणि समाजातील मान यांसाठी खर्च होतात.

ऐसपैस आसनात बसणे हे पाप नव्हे. ज्याला परवडते आणि ज्याच्यावर कोणाचे देणे थकलेले नाही, त्याने ते घ्यावे. दोष आहे तो मानाची हौस सृष्टीप्रेमाच्या नावाखाली खपविण्यात. “हायब्रिड आहे ना!” असे म्हटले की विवेकाचे तोंड बंद होते. चांगला शब्द हा विवेकाला झोपविण्याचा फार जुना उपाय आहे.

हाच न्याय सिटीलाही लावला पाहिजे. त्याच गाडीची स्वयंचलित पेट्रोल आवृत्ती लिटरमागे सुमारे १८ किलोमीटर जाते आणि हायब्रिडहून तीन ते चार लाखांनी स्वस्त पडते. वर्षाला १०,००० किलोमीटर फिरणाऱ्याचे हायब्रिडमुळे सुमारे १७५ लिटर पेट्रोल वाचेल, म्हणजे अठरा हजार रुपयांच्या आसपास. या हिशेबाने जादा किंमत भरून येण्यास सोळा-सतरा वर्षे तरी लागतील. दुसऱ्या बाजूने, १७५ लिटर पेट्रोल जळले नाही तर सुमारे चारशे किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जात नाही. ही किंमत ज्याला स्वेच्छेने द्यावीशी वाटते त्याने ती अवश्य द्यावी. मात्र ती काटकसर नसून दान आहे, हे ओळखून द्यावी. शिवाय विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ सालीच दाखवून दिले होते की कोळशाचा वापर काटकसरीने होऊ लागला म्हणजे त्याचा एकूण खप घटत नाही, उलट वाढतो. स्वस्त झालेला प्रवासही तसाच वाढतो.

हे सारे बोलणे चालू असता स्नेह्यांच्या पत्नी आतून आल्या. त्या पाटनमध्ये शिक्षिका होत्या. गुडघ्यांच्या व्याधीमुळे गेली दोन वर्षे त्या चाकांच्या खुर्चीवर आहेत. त्यांनी शांतपणे विचारले, “माझी खुर्ची कोणत्या गाडीत बसेल?”

आम्ही दोघेही गप्प झालो. पत्रक पुन्हा उघडले. साध्या सिटीची डिकी ५०६ लिटरची. हायब्रिडमध्ये बॅटरीने जागा व्यापल्यामुळे ती ३०६ लिटरची उरते. घडी केलेली खुर्ची तीत मावेल की नाही, आणि खाली वाकून आसनावर बसणे बाईंना झेपेल की नाही, याचे उत्तर पत्रकात नव्हते. गाडी ज्यांच्यासाठी घ्यायची, त्यांनाच आम्ही तुलनेतून वगळले होते.

बुरूज बांधू पाहणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, हा प्रभूचा दृष्टान्त आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. आपण हिशेब करीत नाही असे नाही. पण बुरूज कोणासाठी हा प्रश्न सोडून आपण दगडांचे भाव तपासत बसतो. दोन वस्तू समोर ठेवल्या की त्यांपैकी एक घेतलीच पाहिजे असे मनाला वाटू लागते, आणि तिसरा मार्ग दृष्टीआड होतो. तो कधी साध्या गाडीचा असेल, कधी जुनीच गाडी दुरुस्त करून वापरण्याचा.

स्नेह्यांनी अद्याप मोटार घेतलेली नाही. पुढील आठवड्यात ते पत्नीला आणि खुर्चीला घेऊन जबलपूरच्या शोरूममध्ये जाणार आहेत. बाई प्रत्येक गाडीत स्वतः बसून पाहतील, खुर्ची डिकीत ठेवून पाहिली जाईल, आणि मगच चिरंजीवांना पत्र जाईल. मुलाला कदाचित वाईट वाटेल. कॅमरी दारात उभी राहिली असती तर पाटनने ती पाहिली असती, हे त्याच्या मनात होते. त्यात आईवडिलांविषयीचे प्रेमही होते. ते प्रेम दुखवू नये आणि तरीही त्याला खरे सांगावे, हे काम गाडी निवडण्याहून कठीण आहे. वाचकहो, आपल्या घरी अशी वेळ आली, तर आधी काय मोजावे, याचा आपणही विचार करावा.