शेवटच्या सायकलीशेजारी

अहिल्यानगर

चि. भाचीस,


तुझं पत्र पोचलं. घरी सायकल असूनही रस्त्यावर यायला भिणाऱ्या मैत्रिणींना दर रविवारी बाहेर काढायचं तुझ्या मनात आहे, हे वाचून फार आनंद झाला. त्यांची भीती कशी घालवू, असं विचारलंस. आधी ती भीती खरी मान. पुणे, मनमाड, सोलापूर, दौंड, संभाजीनगर अशा सगळीकडचे रस्ते नगरात येऊन मिळतात आणि त्यांच्याबरोबर अवजड गाड्याही येतात. त्यात आपला जिल्हा उसाचा. दिवाळीनंतरची हवा सायकलीला सगळ्यात चांगली, पण कारखान्यांचे गाळप हंगामही तेव्हाच सुरू असतात. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला ऊस, आणि ट्रॅक्टरवाल्याला मागचं काही दिसत नाही. असा रस्ता पाहून जी घाबरते, तिला रस्ता नीट कळला आहे. तिला ‘घाबरू नकोस’ म्हणण्यापेक्षा वेगळा रस्ता दाखव.

रविवारी सकाळी लवकर भुईकोट किल्ला आणि भिंगारच्या कॅम्पाकडचे रस्ते पाहून ये. खड्डे, गतिरोधक, कुत्री, वळणं सगळं आधी तुझ्या डोळ्यांखालून जाऊ दे. एकदा ठरवलास की तोच रस्ता निदान महिनाभर ठेव. तरुण मुलांचे गट दर आठवड्याला नवी जागा शोधतात, त्यांना त्यात गंमत वाटते. भित्र्या माणसाला मात्र ओळखीच्या रस्त्यानेच बळ येतं. पहिल्या रविवारी जिथे ती उतरून चालली, तिथे तिसऱ्या रविवारी बसून जाते, आणि ते तिचं तिलाच कळतं. जमायच्या जागेपर्यंत एकटीने येणं हेच काहींना सगळ्यात अवघड वाटेल. त्यांना घरापासून सोबत द्या.

आता मुख्य गोष्ट. तू पुढे राहू नकोस. वाट माहीत असलेली आणि सावकाश चालवता येणारी एक जण पुढे ठेव, आणि सगळ्यात हळू चालवणारीला तिच्या लगेच मागे ठेव. हळू चालवणारी शेवटी पडली की पुढचे थांबतात, ती धापा टाकत पोचते आणि तेवढ्यात बाकीचे निघतात. सगळ्यांची विश्रांती होते, तिची तेवढी राहते. दोन वेळा असं झालं की तिसऱ्या रविवारी तिच्या घरी पाहुणे येतात. दिंडीत वाट चालताना म्हाताऱ्या माणसाला मागे टाकून कोणी पुढे पळत नाही, तशी ही चाल असू दे. तासाला दहा-बारा किलोमीटर पुष्कळ झाले. तू सगळ्यांच्या मागे राहा. तिथून सगळ्या दिसतात: कोणाची सीट फार उंच आहे, कोण फक्त पुढचाच ब्रेक दाबतंय, कोणाची ओढणी चाकाकडे लोंबतेय.

थांबायचं, पण कोणासाठी थांबलो असं वाटू द्यायचं नाही. किल्ल्याच्या खंदकाशी थांबा. १९४२ ते १९४५ पंडित नेहरू इथे कैदेत होते आणि ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ त्यांनी इथेच लिहिलं, एवढं कोणी सांगेपर्यंत सगळ्यांचा श्वास खाली बसतो. मात्र रस्त्याकडेच्या गवतात सायकली घालू नका. सराटे आणि बाभळीचे काटे आपल्याकडे पंक्चर करायला पुरेसे असतात. पंप आणि पंक्चरचं सामान तुझ्या कॅरिअरला असू दे.

चौकात उजवीकडे वळायचं असेल तर सगळ्यांनीच उतरून सायकल हातात धरून रस्ता ओलांडायचा, चांगलं येणाऱ्यांनीसुद्धा. तुम्हीच उतरलात तर घाबरणारीला उतरण्याची लाज वाटणार नाही. मोठ्या रस्त्यावर एकामागे एक चालवा. ट्रॉली दिसली तर तिच्या डावीकडून घुसू नका. कडेला थांबा आणि तिला जाऊ द्या.

नाशिकच्या डॉक्टर महाजन बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या गटात अमेरिका आरपार ओलांडायची सायकल शर्यत पूर्ण केली, याचा मला अभिमान आहे. पण तुझ्या मैत्रिणीला ही गोष्ट पहिल्या दिवशी सांगू नकोस. तिला तामिळनाडूतल्या पुदुक्कोट्टईची सांग. १९९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत तिथल्या साक्षरता चळवळीने बायकांना सायकल शिकवायचं ठरवलं. शेतमजूर बाया, खाणीत दगड फोडणाऱ्या बाया, शिक्षिका, हजारोंनी शिकल्या. लेडीज सायकली पुरेनात तेव्हा त्या जेंट्स सायकलीवर बसल्या, आणि पुढच्या दांडीवर लेकरू बसवता येतं म्हणून काहींना तीच आवडली. लोक टोमणे मारत होते. पण एकीला हसणं सोपं असतं, पन्नास जणी एकदम निघाल्या की हसणाऱ्याला बाजूला सरकावं लागतं. पत्रकार पी. साईनाथ यांनी हे सगळं लिहून ठेवलं आहे. बायांना यातून काय मिळालं? पाणी, बाजार, मुलांची शाळा यांसाठी बस आणि नवरा, दोघांचीही वाट पाहणं संपलं.

म्हणून रविवारवर माझं समाधान नाही. चांदबिबीचा महाल (खरं तर ती सलाबतखानाची कबर) पाथर्डी रस्त्याच्या डोंगरावर आहे. तिथे जायचा हट्ट कोणीतरी धरेलच. महिन्या-दोन महिन्यांनी जा, चढ पायी चढा. पण त्याहून मोलाचं म्हणजे तुमच्यातली एखादी सोमवारी एकटीच भाजी आणायला सायकल काढते का, ते बघ. तिच्या घरापासून मंडईपर्यंतच्या रस्त्याने एखाद्या रविवारी सगळ्यांनी मिळून जा. कुठे उतरायचं, कुठली गल्ली बरी, मंडईत सायकल कुठे लावायची, हे तिच्यासोबत ठरवा. आठवडे बाजाराचा दिवस तेवढा टाळा.

पहिल्या रविवारी दोघीच आल्या तरी निघा. सायकलींच्या ब्रेकचे रबर शनिवारीच तपासून घे, आणि कोण कोण आलं ते मला कळव.

तुझी,
मावशी