नको म्हणणारा पाहुणा

आपल्याकडं पाहुणचार मोजायचं माप एकच, आग्रह. ताटातली भाकरी संपायच्या आत दुसरी पडली पाहिजे. पाहुण्यानं दोन्ही हात ताटावर आडवे धरले, तरी बोटांच्या फटीतून तूप सोडणारी घरं मी पाहिलीत. पाहुण्यानंही तीनदा नको म्हणून चौथ्यांदा घ्यायचं, हे ठरलेलंच. त्यामुळं खेड्यात 'नको' या शब्दाला तसा काही अर्थच उरलेला नाही. ज्याला खरंच नको आहे त्यानं काय करावं, याची सोय आपल्या रीतभातीनं करून ठेवलेली नाही.

माझा एक शाळेतला दोस्त असा खरंच नको असणारा माणूस आहे. दहावीनंतर मी शेतीत राहिलो, तो एसटीत वाहक झाला. चाळिशीत त्याला शौचावाटे रक्त जायला लागलं. आधी मूळव्याध म्हणून औषधं झाली, मग आव म्हणून झाली. शेवटी दुर्बीण घालून आतडं तपासलं तेव्हा नाव कळलं, अल्सरेटिव्ह कोलायटिस. यात मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, व्रण पडतात. रोगाशी लढायची शरीराची ताकदच आपल्या आतड्यावर उलटते. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. गोळ्या चालू ठेवल्या की बहुतेक वेळा ताब्यात राहतो. महिनोन्‌महिने माणूस चांगला असतो आणि एखाद्या दिवशी पुन्हा उसळी मारतो. मग दिवसातून दहादा जावं लागतं, आणि कळ आली की थांबता येत नाही.

जपानचे पंतप्रधान शिंझो आबे यांनी २०२० साली याच दुखण्यापायी पद सोडलं. तेच दुखणं पोटात घेऊन हा गडी तिकिटं फाडत होता. कुठल्या स्टँडवर संडास कुठल्या कोपऱ्यात आहे, हे त्याला तोंडपाठ. कामाच्या दिवशी गाडी शेवटच्या थांब्याला लागेपर्यंत पोटात काही घालायचा नाही. ती सवय आता अंगात मुरलीय. प्रवासाच्या दिवशी घरी पोचेपर्यंत तो कडकडीत उपास धरतो.

तो आमच्याकडं मुक्कामाला यायला लागला, तो घरी संडास झाल्यावर. स्वच्छ भारतची योजना २०१४ साली आली. त्यातल्या बारा हजारांत पदरचे घालून आम्ही परसात तो बांधला. त्याच्या आधी मी किती बोलावलं, तरी हा सकाळी येऊन दुपारी परतायचा. पाहुण्याला देव मानणाऱ्या गावात माझ्या मित्राला एक रात्र काढता येत नव्हती, ती भाकरी कमी पडत होती म्हणून नव्हे, हे ध्यानात घ्यावं.

आता हुरड्याच्या दिवसांत तो चार दिवस राहतो. आमच्या घरात त्याच्या तब्येतीची चर्चा होत नाही. आमची मंडळी त्याचं अंथरूण मागच्या दाराजवळ घालते, परसातला दिवा रात्रभर चालू ठेवते, बादली भरून ठेवते. मुगाची पातळ खिचडी करते आणि किती खाल्ली ते बघत बसत नाही. शेतात आगटी पेटली की आम्ही हुरड्यावर तुटून पडतो. त्याला हुरडा सोसत नाही. तो गरम कणसं तळहातावर चोळतो आणि दाणे दुसऱ्यांच्या पुढ्यात टाकत राहतो. बघणाऱ्याला वाटावं, यजमान हाच आहे.

एका गोष्टीचं मला नवल वाटतं. बैलानं वैरण सोडली की आपण आधी त्याचं शेण बघतो. पातळ आहे का, वास कसा आहे, हे पारावर चारचौघांत बोलतो. माणसाच्या मैल्यापासून झालेल्या खताला तर आपल्या भाषेनं सोनखत म्हटलं. पण माणसाचंच आतडं बिघडलं की आवाज खाली जातो. बायपास झालेला माणूस सदऱ्याची बटणं काढून टाके दाखवतो. आतड्याचा आजारी मात्र बायकोच्या माहेरीसुद्धा कळू देत नाही. लोक हसतील, ही भीती. आणि लोक हसतातही, म्हणून त्याला बोल लावता येत नाही.

पण गुपित राखण्याला किंमत असते, आणि ती दर वेळी राखणाराच भरतो असं नाही. आमचा तिसरा एक वर्गमित्र दलित वस्तीत राहतो. शाळेत आम्ही तिघं एका बाकावर बसायचो. दोन वर्षांपूर्वी परत जायच्या दिवशी, फाट्यावर जाताना, त्यानं आम्हाला घरात ओढून नेलं. त्याच्या सुनेनं दुधाचा चहा आणला, बशीत चिवडा आणला. वाहक म्हणाला, "नको, आत्ताच झालंय." पुन्हा आग्रह झाला, पुन्हा नको. पाण्याच्या तांब्यालाही त्यानं हात लावला नाही. घरधनी काही बोलला नाही. सुनेनं बशी उचलून आत नेली.

ताट नाकारणं ही आपल्या मुलखात साधी गोष्ट कधीच नव्हती. कोण कुणाच्या हातचं पाणी पितो यावरून इथं माणसाची पायरी ठरवली गेली. महाडला १९२७ साली बाबासाहेबांना तळ्याच्या पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. त्या घरात आमच्या मित्राच्या 'नको'चा अर्थ आतड्यापाशी थांबणार नव्हता. तो शेकडो वर्षं मागं जाणार होता.

मी काय करायला हवं होतं? एका वाक्यात सगळं मिटलं असतं, "अरे, त्याला पोटाचं दुखणं आहे." पण ते दुखणं माझं नव्हतं. एकाची लाज उघडी करून दुसऱ्याचा मान राखायचा, हा व्यवहार मला पटला नाही. आणि एकाचं गुपित राखायचं म्हणून दुसऱ्यानं अपमान गिळायचा, हेही पटण्यासारखं नव्हतं.

फाट्यावर आल्यावर मी त्याला म्हणालो, "तुझं दुखणं कुणाला सांगायचं ते तू ठरव. पण तुझ्या 'नको'चा त्या घरात काय अर्थ झाला, तेवढं तुला ठाऊक पाहिजे." तो बराच वेळ रस्त्याकडं बघत राहिला. गाडी आली, थांबली, गेली. मग त्यानं पिशवी उचलली आणि वस्तीकडं चालू लागला.

ओट्यावर बसून त्यानं सगळं सांगितलं, रक्तासकट. ऐकून घरधनी म्हणाला, "एवढंच व्हय? मग आधी सांगायचं की लेका. मागं संडास हाय." हसला कुणीच नाही. वाहकानं तांब्यातलं पाणी मागून घेतलं आणि अर्धा पेला प्याला. प्रवासाच्या दिवशी त्याच्यासाठी ते पाणी किती होतं, ते मला ठाऊक आहे.

त्यानंतर मी पुष्कळदा विचार केला, तो परत गेलाच नसता तर? तर मी त्याचं दुखणं फोडलं नसतं, आजही फोडणार नाही. दुसऱ्याच्या शरीराबद्दल बोलायचा हक्क मैत्रीनं मिळत नाही. मात्र वस्तीवर मी एकटा परत गेलो असतो आणि म्हणालो असतो, "त्याच्या नकोमागं तू नाहीस, तुझी जात नाही. कारण मला माहीत आहे, पण ते माझं नाही म्हणून सांगत नाही. माझ्या शब्दावर विश्वास ठेव." त्यानं ठेवला असता की नाही, ते सांगता येत नाही. ज्याच्या बापजाद्यांचा विश्वास इतक्यांदा मोडला, त्याच्याकडं तो हक्कानं मागताही येत नाही. मागायचा तर हात जोडूनच मागावा लागतो.

यजमानाचं काम वाढण्याइतकंच 'नको' समजून घेण्याचंही आहे. आणि पाहुण्यालाही थोडं काम आहे. कारण सांगितलं नाही तरी चालेल, पण आपल्या नकारानं समोरच्याची मान खाली गेली का, तेवढं उठायच्या आधी बघून घ्यावं.